खाली आहे काय?

माझ्या मावशीचे यजमान हे अख्ख्या डोंबिवलीत असे एकमेव गृहस्थ होते, की ज्यांच्या ओळखीची माणसं हजारांवर होती आणि त्यांतल्या फारच थोड्यांचे चेहरे त्यांना ठाऊक होते. ते माणसं वरून ओळखत. आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड, रस्त्याच्या अंगाला ग्यालरी, ग्यालरीत एक वेताची खुर्ची आणि त्या खुर्चीत सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत काका. पाच वर्षांत ते जिना उतरलेले नव्हते. आमच्या इमारतीला लिफ्ट नव्हती, समोरच्या इमारतीला नव्हती, गल्लीत कुणालाच नव्हती. चौथा मजला चढवला तर लिफ्ट लावावी लागते असं कुणीतरी बिल्डर लोकांच्या कानात सांगून ठेवलेलं, त्यामुळे सगळं गाव तिसऱ्यावर येऊन थांबलं होतं. पन्नाशीच्या उमेदीत लोकांनी तिसरा मजला घेतला, हवा चांगली म्हणून. सत्तरीत त्यांच्यापाशी फक्त हवाच उरली. काका मात्र गुडघ्यांचं नाव काढत नसत. "काका, या की एकदा खाली," असं कुणी म्हटलं की ते कठड्यावरून वाकत, खरोखरच काहीतरी शोधत असल्यासारखी सगळी गल्ली न्याहाळत आणि विचारत, "खाली आहे काय?" आता या प्रश्नाला डोंबिवलीत उत्तर देणं अवघड. खाली खड्डे होते, खड्डे बुजवायला आणलेली खडी होती, आणि खडी बघायला येऊन गेलेल्या इंजिनियरच्या स्कूटरचं सांडलेलं तेल होतं. एवढ्यासाठी माणसाने उतरावं असं काही नव्हतं, हे तळमजल्यावर राहणाऱ्या मलाही पटायचं.

वरून बघून बघून त्यांची नजरच वेगळी तयार झालेली. भांग, टक्कल, अंबाडा, टोपीची कळकट कड, एवढ्यावर ते माणसाची कुंडली मांडत. "तो मधोमध भांगवाला आज दुपारीच परतला. नोकरी गेली वाटतं," असं ते म्हणाले की दोन दिवसांनी कळायचं, खरंच त्याच्या कंपनीला टाळं लागलंय. कुणाचं जुळतंय आणि कुणाचं फाटतंय, हे त्यांना दोन डोक्यांमधल्या अंतरावरून समजे. माझं टक्कल माझ्या बायकोच्याही आधी त्यांनी पाहिलं. मी कळव्याला सकाळच्या शाळेत मास्तर. दुपारी घरी परतत होतो, तोच वरून आरोळी आली, "मास्तर, मागे चवलीएवढं पडलंय हो!" भाजीवाला वजन करायचा थांबला, गिऱ्हाइकं थांबली, सगळी गल्ली माझ्या मागच्या बाजूला येऊन उभी राहिली. शहाण्या माणसाने अशा वेळी हसून पुढे जावं. मी त्या चवलीवर हात ठेवला, वर बघत "कुठे? कुठे?" असं विचारत चालत राहिलो आणि उघड्या गटारात डावा पाय घातला. वरून पुन्हा आवाज आला, "आता चप्पलही गेली."

काका पूर्वी आंबिवलीकडच्या एका कारखान्यात फोरमन होते, जड लोखंड उचलायच्या कप्प्या आणि साखळ्या बनवायच्या खात्यात. निवृत्त झाल्यावर इतर लोक अध्यात्माकडे वळतात. काका टोपलीकडे वळले. तिसऱ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडायची आणि दूध-भाजी वर ओढायची, हे आमच्याकडे घरोघर चालतं. पण काकांच्या टोपलीला बिडाची कप्पी होती, पितळी आकडा होता, दोरी मध्येच अडवून धरणारा ब्रेक होता, आणि खाली माणसाने वाजवायला सायकलची घंटा होती. टोपलीच्या पोटावर पत्र्याची पाटी: "कमाल भार साडेतीन किलो. जिवंत प्राणी चढवू नयेत. टोपलीखाली उभे राहू नये." मावशी जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा आणि सून सकाळी सातला मुंबईला जात ते रात्री आठला परतत, मधल्या तेरा तासांत काकांचा जगाशी जो काही व्यवहार होई तो या टोपलीतून. आणि टोपली भरायचा मान दुपारनंतर माझा. या मानाची मी किती अब्रू घालवली ते सांगतो. खाडीवरून एक कोळीण यायची. एकदा तिने काकांसाठी चार भरदार चिंबोऱ्या दिल्या, नांग्या सुतळीने आवळून बांधलेल्या. त्याच दिवशी टोपलीची कडी सैल झालेली. मी म्हटलं, सुतळी शोधायला घरात कशाला जा? इथे आहे की सुतळी. मी चिंबोऱ्यांची सोडली आणि कडीला बांधली. टोपली दुसऱ्या मजल्याशी पोचली तेव्हा त्या चौघींना आपण मोकळ्या आहोत हे उमगलं. दुसऱ्या मजल्याच्या ग्यालरीत सोसायटीच्या सेक्रेटरीच्या सौभाग्यवती पोह्याचे पापड वाळत घालत होत्या. पुढचं वर्णन मी करत नाही, कारण ते त्या बाईंनी जनरल बॉडीत केलेलं आहे. कोळीण कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मास्तर, तू पोरांना शिकवतंस तरी काय रं?" वरून काकांचा शांत आवाज आला, "नियम क्रमांक दोन!"

समोरच्या इमारतीत, तिसऱ्याच मजल्यावर, नेमके काकांच्या समोर शिरस्तेदार राहत. कल्याणच्या कोर्टात शिरस्तेदार होते म्हणून शिरस्तेदार. त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडून कुणालाही माहीत नव्हतं. काकांचा आणि त्यांचा तीस वर्षांचा स्नेह. पुढे डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाकडे बोट दाखवून त्यांना जिना बंद केला, आणि साधारण त्याच सुमारास काकांनीही उतरणं सोडलं. तेव्हापासून या दोन मित्रांच्या मध्ये तीस फूट हवा, विजेच्या सहा तारा आणि दोन जिने. एकमेकांना रोज बारा तास बघायचे, पण पाच वर्षांत एकाने दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारलेली नव्हती. म्हणून मग ते बुद्धिबळ खेळत. आपापल्या ग्यालरीत आपापला पट मांडायचा आणि चाल ओरडून सांगायची. दुपारी चारला डाव सुरू झाला की गल्लीत दुसरं काही ऐकू येत नसे.

"अहो शिरस्तेदार, झोपलात का?"

"विचार करतोय!"

"मग सरळ पुढची तारीख द्या की. तुमच्या कोर्टाची रीतच आहे ती!"

"फोरमन, तुमचा उंट सांभाळा आधी. साखळी लावून ठेवा त्याला!"

खालून भाजीवाला म्हणायचा, "काका, उंट नका हलवू, घोडा बसलाय टपून." त्यावर दोन्ही ग्यालऱ्या एकमुखाने त्याच्यावर तुटून पडत. एकदा तर असं झालं की दोघेही एकाच वेळी आनंदाने ओरडले, "मात!" चौकशी केल्यावर निघालं, की कुणाची तरी एक चाल रिक्षाच्या आवाजात वाहून गेलेली आणि आठ दिवस दोघं दोन निरनिराळे डाव खेळत होते, आणि दोघंही जिंकत होते. "माझ्या पटावर तुमचा वजीर सोमवारीच वारला!" काका ओरडले. "माझ्या पटावर तो जिवंत आहे आणि मजेत आहे!" शिरस्तेदार ओरडले. शेवटी कोर्टाच्या माणसाने कोर्टाचा मार्ग काढला: त्रयस्थ माणसाने दोन्ही पटांचा पंचनामा करावा. त्रयस्थ म्हणजे मी. मी तीन मजले चढलो, पट उतरवून घेतला. तीन मजले उतरलो, समोरचे तीन चढलो, तोही उतरवून घेतला. खाली आल्यावर लक्षात आलं, की दोन्ही पट मी कागदाच्या एकाच बाजूला, एकावर एक लिहिलेत. त्या कागदावर एकूण तीन राजे निघाले. डाव रद्द झाला आणि त्यानंतर आठवडाभर दोघेही माझ्याशी बोलले नाहीत, म्हणजे ओरडले नाहीत. पुढे अर्ज करून करून दोघांकडे टेलिफोन आले तेव्हा आम्हाला वाटलं, आता गल्लीला शांतता लाभणार. पण समोर बसलेला माणूस आधी हवेतून ऐकू यायचा आणि मग पुन्हा फोनमधून. दोन दिवसांत काकांनी रिसीव्हर ठेवून दिला. म्हणाले, "एक शिरस्तेदार पुरे आहे. दोन झेपत नाहीत."

त्या सुमारास आमच्याकडे ज्येष्ठांचं भलं करायची साथ आलेली. जो उठेल तो म्हाताऱ्यांचं काहीतरी करायला निघे, आणि नाही कसं म्हणायचं ते न येणारा माणूस म्हणून प्रत्येक समितीवर मी असे. आम्ही गुडघेतपासणीचं मोफत शिबिर भरवलं, ते एका मंगल कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर. ज्यांना जिना चढता आला त्या सर्वांचे गुडघे उत्तम निघाले, आणि वॉर्डातल्या ज्येष्ठांची प्रकृती ठणठणीत असल्याचा अहवाल आम्ही आनंदाने पुढे पाठवला. आम्ही ज्येष्ठांसाठी बाकडी बसवली, ती कचराकुंडीच्या बाजूला, कारण तिथे जागा मोकळी होती. का मोकळी होती हा विचार कुणी केला नाही. आम्ही ज्येष्ठांसाठी पहाटेचं हास्यमंडळ काढलं. काका वरून बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "मास्तर, हे लोक विनोद झाल्यावर हसतायत की आधीच?" माझ्या हातात हँडबिलं असत आणि ती टोपलीत टाकून मी घंटा वाजवायचो. काका ती वर ओढून घेत, मागची कोरी बाजू बघत, आणि तिच्यावर वाणसामानाची यादी लिहून टोपली परत खाली सोडत.

एका मे महिन्यात मी सुट्टीत घरी लोळत असताना टोपली खाली आली आणि वरून दोरीला हिसका बसून घंटा वाजली. टोपलीत चिठ्ठी होती: "वर ये. ओरडू नकोस." मी गेलो. काका ग्यालरीत नव्हते. आतल्या खोलीत, पलंगाच्या कडेला बसलेले. त्यांना मी भिंतीच्या आत फारसं पाहिलेलंच नव्हतं. एकदम लहान दिसले.

"सोमवारी चाललाय तो शिरस्तेदार," ते म्हणाले. "ठाण्याला. मुलाने सातव्या मजल्यावर जागा घेतलीय. लिफ्ट आहे म्हणे."

"मग चांगलंच झालं की, काका."

"चांगलंच झालं," त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, "मास्तर, पाच वर्षं झाली, त्या माणसाशी मी हळू आवाजात बोललेलो नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? जे बोललो ते कोळणीने ऐकलं, भाजीवाल्याने ऐकलं, तुझ्या बायकोने ऐकलं. एक गोष्ट आहे, ती ओरडून सांगता येत नाही. तो जायच्या आत मला त्याच्या शेजारी बसव. पाच मिनिटं. बाकी काही नको."

पाच मिनिटं! मी म्हटलं, काका, काळजी सोडा. असं मी म्हटलं की काळजी करायला सुरुवात करावी, हे माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. रविवारी दुपारी नगरसेवकांतर्फे नाक्यावर मांडव घालून ज्येष्ठांचा सत्कार होता. वरच्या मजल्यांवरच्या वृद्धांना खुर्चीत बसवून खाली आणायला मंडळाचे आठ दणकट जवान नेमलेले. आणि बैठकव्यवस्था माझ्याकडे! दोघांना आणायचं, शेजारी शेजारी बसवायचं, तीन तास. पाच मिनिटं मागणाऱ्याला मी तीन तास देणार होतो. रविवारी चार जणांनी काकांची खुर्ची उचलली. संपूर्ण जिनाभर त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतलेले आणि शेजारून उतरणाऱ्या माझी कॉलर मुठीत धरलेली. माझ्या शर्टाचं वरचं बटण दुसऱ्या मजल्यावर तुटलं. मला वाटलं, नाटकी आहेत काका.

मांडवात मी त्यांना पहिल्या रांगेत अगदी टोकाला, शिरस्तेदारांच्या शेजारी बसवलं आणि कृतकृत्य होऊन मागे सरलो. कार्यक्रम सुरू झाल्यावर माझ्या ध्यानात आलं, की त्या टोकाच्या दोन खुर्च्यांच्या बरोबर डोक्यावर लाऊडस्पीकरचा कर्णा बांधलाय. मी धावत डेकोरेटरकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब, खांब तिथेच आहे." खुर्च्या हलवाव्यात म्हटलं तर दोन्ही बाजूंनी माणसं दाटीने बसलेली. स्टेजवरून आवाज गडगडत होता, की ज्येष्ठ नागरिक हे आमचे आधारवड आहेत आणि आम्हाला त्यांचं ऐकायचं आहे. त्या आधारवडांपैकी दोघे एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन "काय?" "काय म्हणालात?" असं ओरडत होते. तीस फुटांवरून ऐकू येणारी माणसं एका वितीवरून बहिरी झालेली! मग सत्कार झाले. मेच्या उन्हात प्रत्येकाला लोकरी शाल, कवळी लावणाऱ्यांना नारळ, आणि ज्यांना चार माणसांनी उचलून आणलं होतं त्यांना चालायची काठी. लोक काकांच्या पाया पडायला येत. समोरून येणारा माणूस कोण हे काकांना कळत नसे. ते परक्यासारखे हसत. तो वाकला की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा: "अरे, दूधवाला तू! बरा आहेस ना?"

कार्यक्रम संपता संपता काकांनी मला खुणेने बोलावलं. "जमलं नाही रे. मला परत घरी नेऊ नका. त्याच्याकडे वर न्या. मी जाऊन बसतो. तो आला की बोलू. त्याला आत्ता सांगू नकोस, उगाच नको म्हणेल." मी हो म्हटलं. पाचच मिनिटांनी शिरस्तेदारांनी मला बोलावलं. "मास्तर, उद्या मी जाणार. निरोप घ्यायला जाणाऱ्यानेच जायचं असतं. मला फोरमनकडे वर पोचवा. त्यांना बोलू नका, उगाच भिडेला पडतील." मी हो म्हटलं. आता वाचक म्हणतील, की या माणसाला दोन आणि दोन चार कळत नाहीत का? कळतात. पण त्या क्षणी माझ्या एका हातात एकोणीस शाली होत्या, दुसऱ्या हातात उरलेल्या काठ्या होत्या, आणि दोन्ही कानांत तो कर्णा होता. काकांना पहिले चार जण घेऊन गेले. शिरस्तेदार वयाने सगळ्यांत मोठे निघाल्यामुळे नगरसेवकांना त्यांच्याबरोबर फोटो हवा होता. त्यांना अर्ध्या तासाने दुसऱ्या चौघांनी नेलं. मी शाली मोजून दिल्या, जबाबदारी पार पाडल्याच्या समाधानात चहा घेतला आणि गल्लीत आलो.

गल्ली वर बघत उभी होती. आमच्या इमारतीच्या ग्यालरीत, काकांच्या वेताच्या खुर्चीत, शिरस्तेदार बसले होते. समोरच्या इमारतीत, शिरस्तेदारांच्या ग्यालरीत, काका. मधे तीच तीस फूट हवा आणि त्याच सहा तारा.

"फोरमन!" शिरस्तेदार ओरडले. "तुम्ही तिथे काय करताय?"

"तुमची वाट बघतोय! तुम्ही तिथे काय करताय?"

"तुमची वाट बघतोय!"

मग दोघांनी एकाच वेळी मान खाली घातली आणि मला शोधून काढलं. "हे कुणाचं काम, मास्तर?" काकांनी वरून विचारलं. इतक्या हळुवारपणे त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं. मी जवानांकडे धावलो. ते मांडवामागे वडापाव खात होते. त्यांचा म्होरक्या म्हणाला, "सर, आज बावीस म्हातारे झाले. पाठीचा भुगा झालाय. आता एक पायरी सांगू नका." खुर्च्याही डेकोरेटरच्या टेम्पोत चढलेल्या. मी परत गल्लीत आलो आणि मधोमध उभा राहिलो. माझी बायको दारातून म्हणाली, "नुसते उभे काय राहिलात? सकाळी सातला त्यांचा टेम्पो यायचाय!"

मला ओरडता येत नाही. वर्गातसुद्धा माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पुढे जात नाही. पण त्या दिवशी मी ओरडलो, की मला माणसं पाहिजेत. आणि माणसं आली. भाजीवाल्याने गाडीवर गोणपाट टाकलं. दूधवाला आला, वाणी आला, त्या मधोमध भांगवाल्याला मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. सेक्रेटरी आले, आणि पापडांचा विषय न काढता त्यांनी आपल्या घरच्या दोन लाकडी खुर्च्या दिल्या. कोणाला कुठे न्यायचं यावर वाद होऊ लागला तेव्हा कोळीण म्हणाली, "आरं, वर कशाला चढवता कुणाला? दोगांना खाली आना." इतकी सोपी गोष्ट एका बाईला एका वाक्यात सुचली, आणि मला तीन दिवसांत सुचली नव्हती. काकांच्या खुर्चीचा एक पाय मी धरला. पुन्हा त्यांनी डोळे मिटले, पुन्हा कॉलर धरली, आणि गल्लीत पोचेपर्यंत सोडली नाही.

दोन्ही खुर्च्या गल्लीच्या मधोमध, गुडघ्याला गुडघा लागेल अशा समोरासमोर ठेवल्या. दोन्ही टोकांना माणसांनी रिक्षा अडवल्या. एका रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तर कोळणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आणि पाच वर्षं ज्या गल्लीने त्या दोघांचा शब्द न् शब्द फुकट ऐकलेला, ती सगळी गल्ली न सांगता मागे सरकली, भिंतींना जाऊन टेकली. शिरस्तेदार पुढे झुकले. काका पुढे झुकले. ओठ हलत होते. मी सगळ्यांत जवळ होतो आणि कान टवकारून होतो हे कबूल करतो. मला काहीही ऐकू आलं नाही. पाचाची पंधरा मिनिटं झाली. शेवटी काकांनी शिरस्तेदारांच्या पाठीवर एक थाप मारली, आणि मग हात तिथेच ठेवला.

सोमवारी टेम्पो गेला. समोरच्या ग्यालरीला नव्या लोकांनी जाळी ठोकली, काचा बसवल्या. चार वाजले की काका पट मांडायचे, पण आवाज करायचे नाहीत. आठ-दहा दिवसांनी मी वर गेलो असताना विचारलंच, "काका, ती गोष्ट सांगितलीत ना?"

"नाही. राहिली."

"राहिली? पंधरा मिनिटं बोलत होतात की!"

"तो बोलत होता. मी ऐकलं." त्यांनी एक प्यादं उचललं आणि तिथेच ठेवलं. "म्हणाला, मला तिकडे जायची भीती वाटते, फोरमन. सातव्या मजल्यावरून हाक मारली तर कोण ऐकेल? आता तो असं म्हटल्यावर मी माझं काय सांगणार? मी म्हटलं, भिताय काय? लिफ्ट आहे."

"आणि तुमचं काय होतं?"

ते पटावरची प्यादी एकेक करून डब्यात ठेवू लागले. मी माझ्या स्वभावानुसार काहीतरी बोलून घाण करणार होतो, पण कसा कोण जाणे गप्प बसलो. मग त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला लावली आणि अगदी हळू सांगितलं, की त्यांचे गुडघे ठीक आहेत. पाच वर्षांपूर्वी एका दुपारी ते जिन्यात पडले होते. सगळे कामावर गेलेले. तासभर तसेच पडून होते. हाक मारायची लाज वाटली. मोडलं काहीच नाही. उठून, कपडे झटकून वर आले आणि कुणाला बोलले नाहीत. "दारापर्यंत जातो," ते म्हणाले. "पहिली पायरी दिसली की पाय हलत नाही. मला भीती वाटते, मास्तर." पाच वर्षं मी त्या माणसाला हँडबिलं पाठवत होतो. एकदा वर जाऊन, खुर्ची ओढून, काका तुम्ही खाली का येत नाही, असं विचारलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी गेलो. त्यांनी माझा दंड धरला, मी कठडा धरला. तीन पायऱ्या उतरलो. चौथीवर दोघेही घाबरलो आणि परत वर आलो. एकूण पायऱ्या चोपन्न. गणपतीपर्यंत आम्ही दुसऱ्या मजल्यावर पोचलो, संक्रांतीला पहिल्याच्या जरा वर. तिथल्या पायरीवर बसून काका दम खात आणि हळू आवाजात बोलत. मावशीबद्दल, कारखान्याबद्दल, आणि ती त्यांची पडलेली दुपार तर त्यांनी मला पुष्कळदा सांगितली. चैत्रात एका संध्याकाळी आम्ही त्रेचाळिसाव्या पायरीवर बसलो होतो. खालचं दार उघडं होतं, उजेड आत येत होता.

"मास्तर," ते म्हणाले, "आज भीती वाटली नाही."

"मग उतरूया?"

"नको. आज नुसती वाटली नाही, एवढ्यावरच बसू."

आणि आम्ही बसलो. त्यानंतरच्या आठवड्यात काका झोपेतच गेले. खालच्या अकरा पायऱ्या राहिल्या.